तारेचा माग

विजेच्या कंपनीची हिरवी गाडी शाळेच्या फाटकातून आत शिरली की पोरांना काय व्हायचं ते विचारू नका. पाढे चालू असोत नाहीतर खिचडीची रांग असो, सगळं टाकून ती गाडीमागे धावायची. चाकणकडे 'कंपनी' म्हटलं की माणसाला गेट, शिफ्ट आणि ठेकेदार एवढंच आठवतं. ही कंपनी त्यातली नव्हती. तिची वीज कुठेतरी लांब तयार व्हायची आणि इकडे यायची ती फक्त तिची गाडी, मुलांना ऊर्जेचं आणि पर्यावरणाचं ज्ञान द्यायला. गाडीच्या एका अंगावर सूर्य रंगवलेला होता आणि दुसऱ्या अंगावर दात दाखवून हसणारी गोरीपान मुलं. या शाळेत इतकं गोरं कुणी नव्हतं, पण पोरांना त्याचं काही नव्हतं.

गाडीतून उतरायची ती दिपाली. मूळची बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, इकडे आली, दोन-चार ठिकाणी धक्के खाल्ले आणि मग या कामाला लागली. ताथवड्यात आणखी दोघींबरोबर खोली करून राहायची. नोकरी वर्षाच्या कराराची, त्यामुळे मार्च जवळ आला की ती दुसरीकडे अर्ज टाकायला लागायची. कंपनीने तिला 'ऊर्जाताई' असं नाव दिलं होतं, मुलं नुसतं 'ताई' म्हणायची. तिच्या बाजूने एक गोष्ट आताच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं फार काही उरणार नाही. तिला शिकवायला मनापासून आवडायचं.

कंपनीने मुलांसाठी गुळगुळीत कागदावर पुस्तिका छापली होती. खोलीतून बाहेर पडताना एसी बंद करा, गिझर गरजेपुरताच लावा, असले उपदेश त्यात होते. शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं एमआयडीसीच्या कुंपणाला लागून उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहणारी. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की सरळ रस्ताच. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "ताई, गिझर म्हणजे काय?" दिपालीने पुस्तिका मिटली ती मिटलीच. मग तिने आपल्या डोक्याने एक धडा काढला आणि त्याला नाव दिलं 'तारेचा माग'. घरी जायचं, आपल्या बल्बपासून सुरुवात करायची आणि तार कुठून आली ते बघत बघत मागे जायचं. जाता येईल तिथपर्यंत जायचं आणि येऊन वर्गात सांगायचं.

पोरांनी धमाल केली. कुणाची तार शेजारच्या खोलीत घुसली, तिथे शेजारीण अंगावर धावून आली. एकजण खांबापर्यंत पोचला तर कुत्री मागे लागली, चप्पल तिथेच राहिली. एकाची तार किराणा दुकानाच्या मागे संपली आणि दुकानदाराने त्याच्या हातात दोन गोळ्या ठेवून त्याला परत पाठवलं. दिपाली पोट धरून हसली. गेल्या कित्येक महिन्यांत तिचा असा दिवस गेला नव्हता.

चौथीतली पिंकी मात्र त्या दिवशी वर्गात काही बोलली नाही. खरं तर ही पोरगी म्हणजे प्रश्नांची पेटी. वारा दिसत नाही मग पंखा त्याला ढकलतो कसा, सूर्य संपला तर कंपनी काय करणार, असलं काहीतरी तिचं कायम चालू असायचं. त्या दिवशी मात्र मुलं पांगेपर्यंत ती थांबली आणि मग गाडीच्या दाराशी आली.

"ताई, मी शेवटपर्यंत गेले."

"शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?"

"आमच्या बल्बपासून मम्मीच्या मशीनपाशी. तिथून पत्र्यावर. मग सगळ्या खोल्यांच्या पत्र्यांवरून पार शेवटच्या बाभळीपाशी. तिथून वर खांबावर."

"आणि मीटर?"

"मीटर नाहीच." पिंकीने आवाज खाली आणला. "पप्पा आकडा टाकतात. रोज संध्याकाळी कामावरून आले की लांब बांबूने टाकतात, आणि सकाळी लाइनमन यायच्या आत काढतात. सगळ्या वस्तीची लाइट माझ्या पप्पांमुळे येते, ताई. ते आले नाहीत तर सगळे अंधारात बसतात." एवढं सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की कुणालाही वाटावं, हिच्या बापाने धरण बांधलंय. मग एकदम आठवल्यासारखं ती म्हणाली, "पण पप्पा म्हणतात, हे कुणाला सांगायचं नाही."

आता शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं? 'बरं, नको सांगूस' म्हणून पोरीच्या डोक्यावर हात फिरवला असता आणि विषय तिथेच पुरला असता. दिपालीने तसं केलं नाही, आणि ते निव्वळ वाईटपणाने नव्हे. आष्टीकडे आकडा ही लपवायची गोष्टच नव्हती. वाकवलेली तार काठीच्या टोकाने वरच्या तारेत अडकवायची आणि वीज खाली घ्यायची, हे ती चालायला लागली तेव्हापासून बघत आली होती. तिचे वडील विहिरीवरच्या मोटरीला आकडा टाकायचे तेव्हा लाइनमन बांधावर बसून चहा पीत असायचा. लग्नात आकडा, जत्रेत आकडा, सरपंचाच्या गोठ्यालाही आकडा. सरकारी भाषेत त्याला चोरी म्हणतात हे तिला माहीत होतं, पण ते रस्त्यावर थुंकू नये असं लिहिलेलं असतं तितपतच. पिंकीने बांबूचं नाव काढलं आणि दिपालीला आपला बाप दिसला, धोतराचा काचा मारून आभाळाकडे तोंड करून उभा असलेला. 

"खरं सांगायला कशाला घाबरायचं गं?" ती म्हणाली. "सगळ्यांत लांब तूच गेलीस. कार्यक्रमात तूच बोलायचंस. जसं मला सांगितलंस ना, अगदी तसंच."

"पप्पा रागावले तर?"

"नाही रागावणार. मी आहे ना."

वर्षाअखेरीला कंपनीचा एक कार्यक्रम व्हायचा. त्याची सगळी तयारी निरंजनकडे असायची. निरंजन म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा साहेब, पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहणारा, बोलायला गोड, कुणाशी कधी आवाज चढवणार नाही असा. रंगीत तालमीत त्याने पिंकीचं बोलणं ऐकलं आणि तो खूश झाला. दरवर्षी मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणायची, त्याला त्याचा कंटाळा आला होता.

"काय ओरिजिनल बोलते ही!" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दिपाली, ते आकड्याचं मात्र... चालेल ना? काही प्रॉब्लेम नाही ना?"

"त्यात काय झालं सर? सगळ्यांना माहीतच असतं ते."

त्याने मान हलवली. त्याला आकडा कशाशी खातात ते धड ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईला ठाऊक होतं तिने हमी दिली होती. विषय संपला.

कार्यक्रमाला मांडव घातला होता. मुलांना हिरव्या टोप्या वाटल्या. व्यासपीठावर कंपनीचे दोन मोठे साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मधल्या खुर्चीत दादासाहेब. दादासाहेब म्हणजे गावातलं जुनं बागायती घराणं. बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्याचा दावा कोर्टात पडलेला. त्याच तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या ठोकल्या होत्या. दाव्यातली जमीन म्हणून तिथे मीटर मिळत नव्हता. मीटर नसला तरी भाडेकरूंकडून लाइटचे पैसे मात्र दर महिन्याला भाड्याबरोबर घेतले जायचे, आणि बांबू दादासाहेबांच्याच गोठ्यातून आला होता. पिंकीचा बाप भैरू त्यांच्या शब्दावर रोज खांबाखाली उभा राहायचा. यातलं दिपालीला तेव्हा काही माहीत नव्हतं.

पिंकी बोलायला उठली. आधी जरा अडखळली. तिने दिपालीकडे पाहिलं, दिपालीने हसून मान डोलावली आणि पोरीचं तोंड सुटलं. बल्ब, मशीन, पत्रे, बाभळ, खांब. "सगळे म्हणतात लाइट कंपनीत तयार होते," ती शेवटी म्हणाली, "पण आमच्या वस्तीत लाइट माझे पप्पा आणतात. त्यांचं नाव भैरू आहे." आणि बांबू कसा धरायचा ते तिने दोन्ही हात वर करून दाखवलं. मांडवात हशा पिकला, टाळ्या पडल्या. मोठे साहेबही हसले. दादासाहेब हसले नाहीत. त्यांनी पंच्याने मान पुसली, शेजारच्याला काहीतरी काम निघाल्याचं सांगितलं आणि नारळ न घेताच ते उतरून गेले. पिंकीला पहिलं बक्षीस मिळालं, उन्हावर चार्ज होणारा अभ्यासाचा दिवा. तिची आई शालन मागच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती. दिपालीला वाटलं, कौतुकाने रडू आलं असेल.

दुसऱ्या दिवशी कंपनीने पिंकीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'चिमुकल्या ऊर्जादूताचा प्रामाणिकपणा'. लोकांनी तो डोक्यावर घेतला. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पिंकी हात वर करून आकडा टाकत होती. कुणी हसले, कुणी 'चोर तर चोर, वर शिरजोर' असं लिहून मोकळे झाले. विजेच्या सरकारी ऑफिसातल्या लोकांना त्या वस्तीचं माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण गावभर बभ्रा झाल्यावर त्यांनाही डोळे मिटून बसणं अवघड झालं. आठवड्याच्या आत भरारी पथक आलं, पोलीस घेऊनच. भैरू खांबाखाली हातात बांबू घेऊन सापडला. दादासाहेबांनी हात झटकले. आपण नुसत्या खोल्या दिल्या, भाडेकरू मागे काय उद्योग करतात ते आपल्याला काय ठाऊक, असं ते म्हणाले. गुन्हा एकट्या भैरूवर दाखल झाला. व्हिडिओत नावच त्याचं होतं.

दिपालीला हे कळलं ते मुख्याध्यापिकांकडून. पिंकी शाळेत येईनाशी झाली होती, भैरूचं कामही गेलं होतं. "तुमच्या त्या कार्यक्रमाने बरं केलं हो," बाई शेवटी म्हणाल्या आणि पुढचं बोलणं त्यांनी टाळलं.  रात्रभर दिपालीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून ती निरंजनसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, त्या माणसाचा गेट पास गेला. तो एका कंपनीत ठेकेदाराकडे लोडिंगला होता. पोलिसात नाव आलं म्हणून ठेकेदाराने काढून टाकलं. आपण ठेकेदाराला एक शब्द टाकला तर?"

"आपण कोण त्यात पडणार? आपण एज्युकेशनमध्ये आहोत गं."

"मग तो व्हिडिओ तरी काढा."

निरंजनने कपाळ चोळलं. त्यालाही झोप नव्हती, ते दिसतच होतं. "तो पुरस्कारासाठी पाठवलाय. आणि आता काढला तर आपलं काहीतरी चुकलं असं होईल. लीगलवाले सारखे फोन करतायत." मग तो पुढे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक नीट ऐक. आपल्याकडून कुणीही मुलीला काय बोल ते सांगितलेलं नाही. ती आपणहून बोलली. तुला कुणीही विचारलं तरी उत्तर एवढंच."

"पण मीच सांगितलं होतं तिला. ती नको म्हणत होती."

"हे तू मला बोललीस, मी ऐकलं नाही," निरंजन म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुमच्या सगळ्यांचे करार नवे व्हायचेत. उगीच काहीतरी करून बसू नकोस."

दिपाली संतापून बाहेर आली. करार गेला खड्ड्यात, असं तिने मनाशी म्हटलं आणि त्या क्षणी तिला ते खरंच तसं वाटत होतं. नाशिक फाट्यावरून तिने चाकणची बस धरली. मोशीला नेहमीसारखा ट्रकांचा खोळंबा झाला. खिडकीशी बसून तिने काय बोलायचं ते घोळवून घोळवून पक्कं केलं. भैरूच्या समोर उभं राहायचं. पोरीचा दोष नाही, मी तिला भरीला घातलं, असं सगळ्यांदेखत सांगायचं. त्याने त्याची नोकरी परत येणार नव्हती, खटला मिटणार नव्हता, हे तिला कळत होतं. पण निदान बापाचं आणि लेकीचं तरी सरळ होईल. तेवढं तरी आपल्या हातात आहे, असं वाटून तिला थोडा धीर आला.

ती वस्तीत पोचली तेव्हा दिवस कलला होता. खोल्यांमध्ये अंधार दाटायला लागला होता आणि माणसं उकाड्याने बाहेर येऊन बसली होती. गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहून एकेक जण तिच्याकडे वळला. पाच-सहा माणसं उठून तिच्या मागोमाग चालायला लागली.  

भैरूच्या दारात सामान बांधून ठेवलं होतं. एक लोखंडी कॉट उभी करून टेकवलेली, भांड्यांची गोणी, आणि शालनचं शिलाई मशीन. त्या मशीनवर ती कारखान्यांसाठी सुती हातमोजे शिवायची. मशीनला विजेची मोटर बसवलेली होती, ती आता फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दादासाहेबांनी खोली सोडायला सांगितली होती. हे लोक सांगलीकडचे, जतच्या पुढच्या एका कोरड्या गावातले. उद्या टेम्पो येणार आणि सगळे तिकडे परत जाणार, असं शालनने सांगितलं. तिकडे जाऊन काय करणार हे दिपालीने विचारलं नाही.

"बसा ताई. च्या टाकते." शालनने तिला पाट दिला. या बाईने आपल्याला चहा का द्यावा, तेच दिपालीला कळेना. पिंकी आत भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने दिपालीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या पोटरीवर पट्ट्याचे दोन काळेनिळे वळ होते.

"शालनताई, मी..." दिपालीने सुरुवात केली.

"तुमचा काय दोष हाय त्यात?" शालन स्टोव्ह पेटवता पेटवता म्हणाली. "पोरीच्याच तोंडाला कुलूप न्हाई. आमी लई इचारलं तिला. कुणी शिकवलं का गं तुला आसं बोलाया? ताईंनी सांगितलं व्हतं का? तर न्हाई म्हंती. माज्याच मनानं बोलले म्हंती. मग मारलं तिच्या बापानं. जल्मात कदी बोट लावलं न्हवतं पोरीला. लाइट गेली त्या रातीला सगळी वस्ती काळोखात, आन् आमच्याच घरात त्यो बक्षिसाचा दिवा. मी गोधडीखाली झाकून ठेवला. लोकं काय म्हंतील?"

 पोरीने मार खाल्ला होता आणि दिपालीचं नाव घेतलं नव्हतं. का घेतलं नसेल? ताईला कुणी बोलू नये म्हणून? की 'मी आहे ना' म्हणणारी बाई कधीतरी येईल आणि आपणच सांगेल, म्हणून? नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या मनात काय चाललं असेल ते दिपालीला सहन होईना. शालनने पुढे केलेला चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला.

भैरू बाहेरून आला. उंच, वाळका, खांद्यावर टॉवेल. त्याने दिपालीला नमस्कार केला आणि तो उंबऱ्यावर टेकला. त्याच्यामागे ती माणसं दारात उभी राहिली.

"ताई, बरं झालं तुमी आलात. मला येक इचारायचं हुतं." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "माजी पोरगी खोटं बोलत न्हाई. पर ह्या वक्ताला मला वाटतंय, ती कायतरी लपिवती हाय. मी तिला सांगितलं हुतं, कुणाला बोलायचं न्हाई. ती आपल्या मनानं बोलायची न्हाई वो. म्हनून इचारतो. तुमी सांगितलं हुतं का तिला?"

 स्टोव्हचा तेवढा आवाज येत होता.

"सांगितलं असंल तर आमी तुमाला काय म्हननार न्हाई," भैरू म्हणाला. "तुमी शिकिवनारी मानसं. पर मग माजं चुकलं. मी पोरीची माफी मागतो. ह्या समद्यांच्या म्होरं तिचं पाय धरतो."

असं दार कुणी कुणाला उघडून देत नाही. दिपालीला फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्यासाठीच ती आली होती, बसमध्ये तिने तेवढंच घोकलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि दारातल्या माणसांपैकी एकाने खिशातून मोबाइल काढून तिच्याकडे रोखून धरला. कशाला, ते सांगायची गरज नव्हती. उद्या हेही गावभर फिरलं असतं. निरंजनने पाहिलं असतं, त्या लीगलवाल्यांनी पाहिलं असतं, आष्टीत वडिलांनी पाहिलं असतं. एवढं सगळं तिच्या डोक्यातून गेलं, आणि शिवाय हेही गेलं की आता सांगितलं तर बिचाऱ्या बापाला विनाकारण मारल्याचं दुःख होईल. माणसाला पळ काढायचा असला की असली चांगली चांगली कारणं आपोआप सुचतात.

"नाही," दिपाली म्हणाली. "ती... आपणहूनच बोलली."

पिंकीने मान वर केली. तिने रडून आरडाओरडा केला असता, 'ताई खोटं बोलते' असं म्हणाली असती, तर दिपाली कदाचित तिथेच कोसळली असती आणि सगळं बाहेर आलं असतं. पण पिंकीने नुसतं पाहिलं. वर्गात एखादं उत्तर पटलं नाही की ती असंच बघायची आणि मग लगेच पुढचा प्रश्न यायचा. आज प्रश्न आला नाही. थोड्या वेळाने तिने नजर काढून घेतली.

भैरूने लांब श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मनाला लागून राह्यलं हुतं माज्या. म्हंजे मारलं त्ये बराबरच केलं मी." तो उठला आणि मशीनला दोरी बांधायला लागला. दारातली माणसं पांगली. मोबाइल खिशात गेला.

दिपालीला उठता येईना. कपात चहा उरला होता. तो टाकून द्यावा तर बरं दिसेना, म्हणून तिने तो पिऊन टाकला.

"पिंके, बसलीस काय? बाईंचा कप घे," शालन म्हणाली.

पिंकी उठली. तिने दिपालीच्या हातातून कप घेतला आणि तो विसळायला मोरीकडे गेली.